तलवार थांबते, खिळा थांबत नाही

कोल्हापूरच्या सिनेमाची वंशावळ सांगताना आपण बाबूराव पेंटरांपासून सुरुवात करतो. मी ख्रिस्ती कोल्हापूरकर, त्यामुळे ती थोडी मागं, गिरगावातल्या एका पडद्यापर्यंत नेतो. दादासाहेब फाळक्यांनी तिथं 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहिला. ख्रिस्त पाहताना मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभे राहत होते, असं त्यांनीच १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिलं. म्हणजे ज्या चित्रानं त्यांना या धंद्यात ओढलं, त्याच्या केंद्रस्थानी सरकारी हुकमानं दिलेला देहदंड आहे.

पुढं त्यांनी कथा निवडली तीही वधस्थानाशीच येऊन ठेपणारी. ३ मे १९१३ रोजी 'कॉरोनेशन'मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. खुनाचा आळ आलेल्या तारामतीवर, म्हणजे अण्णा साळुंक्यांवर, नवरा तलवार उगारतो आणि शंकर प्रकट होतात.

कोल्हापूरचा संबंध इथं येतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडून शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साथीनं १ जून १९२९ रोजी 'प्रभात' काढली. पहिला बोलपट करायची वेळ आली तेव्हा त्यांनीही हरिश्चंद्रच घेतला. १९३२चा 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत इथंच तयार झाला. जवळच्या सांगवड्यात जन्मलेले गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती, बाबूराव पेंढारकर गंगानाथ. राजा डोंबाचा चाकर होतो, धन्याचा हुकूम म्हणून बायकोच्या मानेवर तलवार धरतो, आणि पुन्हा देव धावून येतो.

या चित्राच्या वेळी खऱ्या कोर्टात खुनाला फाशी हाच नेम होता. फाशी न देणाऱ्या न्यायाधीशाला ती न देण्याचं कारण लिहावं लागे. ही अट १९५५ साली गेली.

माझ्या लहानपणी चर्चच्या आवारात 'दयासागर' दाखवला होता. १९७८च्या तेलुगू 'करुणामयुडू'ची ही हिंदी आवृत्ती, येशूच्या भूमिकेत विजयचंदर. दोन बांबूंना ताणलेलं पांढरं कापड, प्रोजेक्टरची खडखड, पुढं सतरंजीवर आम्ही पोरं. गल्लीतल्या हिंदू बायकाही पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. हातोडा उचलला गेला तशी मागून एक म्हातारी ओरडली, "आरं, सोडवा की त्येला कुणीतरी!" कुणी हसलं नाही. हरिश्चंद्राच्या गोष्टीवर वाढलेल्या माणसाला देव ऐनवेळी येणारच, ही खात्री असते. इथं देव येत नाही, कारण वधस्तंभावर तोच आहे. आमच्या श्रद्धेचं सगळं सार त्या एका अडचणीत आहे.

तरी दोन्ही गोष्टींत एक सोय आहेच: शिक्षा भोगणारा निर्दोष. पण त्या टेकडीवर वधस्तंभ तीन होते, आणि उरलेले दोघे गुन्हेगार. आम्हाला झाली ती शिक्षा रास्तच आहे, अशी त्यातल्या एकाची कबुली लूकच्या शुभवर्तमानात आहे, आणि सुखलोकाचं वचन मिळालं तेही त्यालाच. सिनेमात हा चोर दोन वाक्यं बोलतो आणि कॅमेरा सरकतो.

खऱ्या कोर्टात मात्र बहुधा तोच उभा असतो. २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं बालहत्याकांडात दोघी बहिणींना फाशी सुनावली. शहर संतापलं होतं, आणि का संतापू नये? त्यात लेकरं मारली गेली होती. २०१४मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. पण त्या अर्जाच्या निकालाला झालेल्या विलंबामुळं उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२मध्ये फाशीची जन्मठेप केली. त्या प्रकरणावर 'पोशम पा' (२०१९) निघाला, तो कसा पाहावा हे हरिश्चंद्र शिकवत नाही. तिथं ना तलवार अडवायला शंकर येतात, ना आपल्याला रडू येतं.

मला विचाराल तर दयेची कसोटी तिथंच लागते. निरपराध्यासाठी डोळे पुसायला श्रद्धा लागत नाही, माणूसपण पुरतं. कोल्हापुरात आजही सिनेमा करू पाहणारी पोरं आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच: निर्दोषाच्या देहदंडाची गोष्ट शंभर वर्षं सांगून झाली, आता त्या चोराची सांगा.