मामाच्या खाचरातला कामगंध

गेल्या पावसाळ्यात कामशेतजवळच्या मामाच्या खाचरावर गेले होते. बांधावरच्या सापळ्याची प्लास्टिकची पिशवी त्याने अभिमानाने माझ्यापुढे धरली. "बघ, किती धरलेत!" आत फिकट पतंगांचा खच. तीन आठवड्यांनी तिथेच लोंब्या पांढऱ्या पडल्या, आत दाणाच नाही. पळींज. भाताच्या खोडकिड्याचं काम.

मामा म्हणाला, "पतंग तर सगळे पिशवीत होते. मग हे केलं कुणी?"

घरी आल्यावर मी या प्रश्नामागे लागले आणि थेट फ्रान्सला पोचले.

एकोणिसाव्या शतकात झाँ आंरी फाब्र या कीटकवेड्या शिक्षकाने नुकतीच कोशातून निघालेली पतंगाची मादी जाळीखाली ठेवली. रात्री घरात चाळीसेक नर घुसले. दुसऱ्या एका जातीची मादी त्याने काचेखाली बंद केली, तर नरांनी समोर दिसणाऱ्या मादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती आधी जिथे बसली होती, त्या रिकाम्या जागेभोवती ते घिरट्या घालत राहिले. म्हणजे बोलावणं रूपाचं नव्हतं, वासाचं होतं.

तो वास हाती लागायला १९५९ साल उजाडलं. जर्मनीच्या आडोल्फ बुटेनांट यांनी वीसेक वर्षं खपून, रेशमाच्या सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींमधून तो वेगळा काढला. नाव ठेवलं बॉम्बिकॉल. 'फेरोमोन' हा शब्दही त्याच वर्षी जन्मला. आपल्याकडे त्याला कामगंध म्हणतात, आणि मला तो मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो. आपल्या भाताच्या पिवळ्या खोडकिड्याचा गंध १९८५ साली उलगडला: दोन रसायनं, एकास तीन या प्रमाणात. मामाच्या सापळ्यातल्या ल्युअरमध्ये तीच असतात.

मामाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अमेरिकेत, मक्याच्या अळीवर काम करणाऱ्या अशोक रैना यांच्याकडे मिळालं. ही अळी आपल्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीची सख्खी चुलत बहीण. मादीच्या डोक्यातून एक संप्रेरक सुटतं आणि त्याच्या हुकमाने ग्रंथी गंध बनवते, हे रैना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. १९८९ मध्ये ते संप्रेरक ओळखलंही. पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. एकदा मीलन झालं की मादीचा गंध थांबतो. १९९५ मध्ये कारण कळलं: नराकडून मीलनात येणारं एक छोटं प्रथिन हे दुकान बंद करतं. रेशमाच्या पतंगात तोच निरोप मज्जातंतूंवाटे जातो. युरोपातल्या मक्याच्या खोडकिड्यावर २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात तर मीलनानंतर मादीच्या प्रजनन-अवयवांतल्या जनुकांचं कामकाजच बदललेलं दिसलं. काही जनुकं जोरात, काही मंद. शोधायचं काम संपलं, आता अंडी घालायची.

आता मामाची पिशवी पुन्हा आठवा. ल्युअरला मादीचा वास, म्हणून आत फक्त नर. ज्या माद्यांचं मीलन आधीच उरकलं होतं, त्या गुपचूप पानांच्या शेंड्यांवर अंडी घालत होत्या. मामाने सापळे लावले लावणीनंतर बऱ्याच उशिरा, तेही दोनच. भरलेली पिशवी ही जिंकल्याची खूण नव्हती, ती धोक्याची घंटा होती. शेतीखातं लक्ष ठेवायला हेक्टरी पाच सापळे सांगतं, पतंग धरून संपवायचे तर वीस.

मला टोचतं ते वेगळंच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली आपल्याला इंद्रायणी दिला. ते केंद्र मामाच्या घरापासून दुचाकीवर जाण्याच्या अंतरावर, आणि ल्युअर तर दुकानातच मिळालं. दुकानदाराने पिशवी कशी बांधायची ते सांगितलं, पण ती वाचायची कशी हे कुणीच सांगितलं नाही. मीही नाही, जीवशास्त्राची पदवी घेऊन बांधावर फोटो काढत उभी होते.

यंदा मामाने लावणीआधी रोपांचे शेंडे खुडले, म्हणजे अंडी तिथेच गेली. सापळे वेळेत लागलेत. रोज सकाळी तो पतंग मोजतो आणि आकडा मला व्हॉट्सॲपवर पाठवतो. आजचा आकडा अकरा. खाली लिहिलंय, "काल चार होते. उद्या खाचरात उतरून बघतो."