आरसा गेला, ओझे उतरले

दुरून छायाचित्र घेणाऱ्याला नेहमीच तीन धनी सांभाळावे लागले आहेत: पल्ला, प्रकाश आणि वजन. एकाला खूश करावे, तर दुसरा रुसतो. आज मिररलेस कॅमेऱ्यासाठी टेलिफोटो झूम भिंगांची बाजारात रांग लागली आहे, आणि त्यांतले कोणते घ्यावे, असे मला स्नेही विचारतात. त्याचे उत्तर दुकानदाराच्या पत्रकापेक्षा इतिहासात लवकर सापडते, असे माझे मत आहे.

पहिले भांडण लांबीचे. साध्या भिंगाने दूरची वस्तू मोठी टिपायची, तर कॅमेऱ्याची पेटीही तितकीच लांब लागे. १८९१ च्या सुमारास लंडनचे डॅलमायर, बर्लिनचे मीथे आणि म्युनिकचे स्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे एकच तोड काढली: पुढे बहिर्गोल भिंग, मागे अंतर्गोल. प्रतिमा मोठी झाली, नळी मात्र आखूड राहिली. हेच टेलिफोटो.

पण पल्ला बदलायचा, तर भिंगच बदलावे लागे. चित्रपटवाल्यांची ही अडचण १९३२ साली कुक व्हॅरो या झूम भिंगाने दूर केली. साध्या छायाचित्रकाराला मात्र १९५९ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी फोक्टलेंडरचे ३६ ते ८२ मिमीचे झूमार आले, आणि जपानच्या निकॉनने ८५ ते २५० मिमीचे टेलिफोटो झूम जाहीर केले.

उरला प्रकाश. जुन्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात आरसा असे. त्याच्यामार्फतच प्रकाश डोळ्याकडे जाई, आणि पुढे स्वयंचलित फोकसाच्या यंत्रणेकडेही. या यंत्रणेला साधारणतः एफ ५.६ इतका तरी उजेड हवा असे. एफचा आकडा वाढला की प्रकाशद्वार लहान होते. ४०० मिमीला एफ ५.६ म्हणजे सुमारे ७१ मिमी रुंद द्वार. एफ ८ ला ५० मिमी पुरते. काच किती लागणार, हे या हिशेबावरून कळावे.

२००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी १ ने आरसाच काढून टाकला. फोकस संवेदकावरच साधू लागला, आणि नेत्रिकेतले चित्र विजेच्या पडद्यावर उजळ दिसू लागले. अंधुक भिंगांना आता दार उघडे झाले.

कॅननची दोनच भिंगे पाहा. २०२० चे १०० ते ५०० मिमीचे भिंग सुमारे १,३७० ग्रॅमचे. २०२१ चे १०० ते ४०० मिमीचे अवघे ६३५ ग्रॅमचे. ४०० मिमीवर पहिले एफ ६.३ देते, दुसरे एफ ८. म्हणजे दुपटीहून अधिक वजनाच्या बदल्यात प्रकाश सुमारे दीडपट, आणि पल्ला सव्वापट.

हा सौदा वाईट नव्हे. पहाटेच्या उजेडात पाखरे टिपण्याचा ज्याला ध्यास आहे, त्याने तो जरूर करावा. परंतु भिगवणच्या पाणथळीवर मी दोन्ही वापरून पाहिली, तेव्हा ऊन वर येताच मोठे पिशवीत गेले आणि लहान दुपारपर्यंत गळ्यात राहिले. माझा खांदा साठी उलटलेला आहे. तेव्हा वाचकहो, दुकानात गेलात की पत्रक बाजूला ठेवा, आणि भिंग डोळ्याशी धरून दहा मिनिटे उभे राहा. तिसऱ्या धन्याचे मत तिथेच कळेल.