सेटिल अल्कोहॉल
सेटिल अल्कोहॉल : एक संतृप्त मेदी अल्कोहॉल. रासायनिक नाव १–हेक्झाडेकॅनॉल. याच्या रेणूत १६ कार्बन अणूंची सरळ साखळी असून तिच्या एका टोकास हायड्रॉक्सिल गट असतो. देवमासा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून याचे नाव पडले आहे. कारण स्पर्म देवमाशाच्या डोक्यातील स्पर्मासेटी या मेणापासून ते प्रथम मिळाले.

इतिहास : फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल यूझेन शव्हरल यांनी १८१७ मध्ये स्पर्मासेटी पोटॅशाबरोबर तापविले. सामान्य मेदांपासून या विक्रियेत ग्लिसरीन मिळते. येथे मात्र एक पांढरा मेणचट घन पदार्थ मिळाला. ईथर व अल्कोहॉल या शब्दांच्या आद्य अवयवांवरून शव्हरल यांनी त्यास ‘एथाल’ म्हटले. तो अल्कोहॉलच आहे, हे द्यूमा व पेलिगो यांनी १८३६ मध्ये दाखविले. त्यामुळे अल्कोहॉल हे एका द्रवाचे नाव न राहता संयुगांच्या वर्गाचे नाव ठरण्यास मदत झाली.

दीर्घकाळ या संयुगासाठी देवमाशांच्या शिकारीवर अवलंबून राहावे लागे. १९०३ मध्ये बूव्हो व ब्लां यांनी सोडियमाच्या साहाय्याने एस्टरांचे क्षपण करण्याची रीत शोधली. पुढे उच्च दाबाखालील हायड्रोजनीकरणाने ते वनस्पतिज मेदांपासून मोठ्या प्रमाणावर बनू लागले. व्यापारी शिकार स्थगित करण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय १९८२ मध्ये झाला. आता ते मुख्यतः पाम तेलापासून, तसेच खनिज तेलजन्य एथिलिनापासून तयार करतात. देवमाशाशी असलेला संबंध केवळ नावापुरता उरला आहे.

गुणधर्म व उपयोग : हे सु. ४९° से. ला वितळते; पाण्यात अविद्राव्य, पण एथिल अल्कोहॉल व ईथर यांत विद्राव्य आहे. मलमे व प्रसाधने यांत घट्टपणा आणण्यासाठी व पायस स्थिर ठेवण्यासाठी ते वापरतात. पाण्यावर पसरल्यास त्याचा एकरेणवीय थर बनतो. हायड्रॉक्सिल टोक पाण्यात व साखळी वर, अशी रेणूंची मांडणी असते, हे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये अशा थरांच्या अभ्यासातून स्पष्ट केले. घट्ट दाबलेल्या थरात प्रत्येक रेणू सु. ०·२ चौ. नॅनोमीटर जागा व्यापतो. या हिशेबाने एक हेक्टर पाणी झाकण्यास केवळ सु. २० ग्रॅम पदार्थ पुरेल.

हा थर बाष्पीभवन रोखत असल्याने अवर्षणग्रस्त प्रदेशांतील जलाशयांसाठी त्याविषयी मोठी आशा निर्माण झाली. १९५० नंतर ऑस्ट्रेलियात जलाशयांवर प्रयोग झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा थरांचे संशोधन झाले. परंतु तबकातील शांत पाण्यावर मिळालेले यश उघड्या जलाशयावर टिकले नाही. वारा थर काठाकडे लोटतो, लाटा तो फोडतात व सूक्ष्मजंतू त्याचे विघटन करतात. त्यामुळे पदार्थ पुनःपुन्हा टाकावा लागतो व खर्च वाढतो.

हाताळणी : याची विषाक्तता अल्प आहे, तथापि धुळीने डोळे चुरचुरतात आणि काही व्यक्तींच्या त्वचेवर अधिहर्षता दिसते. वितळलेला पदार्थ अंगावर पडल्यास भाजते, म्हणून तो उघड्या ज्योतीवर न तापविता जलऊष्मकावर वितळवितात. तो ज्वलनशील असल्याने प्रबल ऑक्सिडीकारकांपासून दूर, कोरड्या जागी घट्ट झाकून ठेवतात. चूर्णाची धूळ हवेत साचू देत नाहीत. कारण दाट धूळ ठिणगीने स्फोटकपणे पेटू शकते.