अप्रीतीचा गुन्हा

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीत एका मित्राच्या घरी 'इक्विलिब्रियम' हा इंग्रजी चित्रपट पाहिला. कर्ट विमर यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००२ सालचा. मित्राने तो लावला होता बंदुकांच्या हाणामारीसाठी, आणि ती त्यात भरपूर आहे. पण रात्री एसटीने पालीला परतताना माझ्या मनात राहिली ती हाणामारी नव्हे, त्यातली राज्यव्यवस्था.

तिसऱ्या महायुद्धानंतर लिब्रिया नावाचे एक शहर उभे राहिले आहे. माणसे एकमेकांना मारतात ती द्वेषापायी. द्वेष ही भावना. तेव्हा भावनाच नको, असा तिथल्या राज्यकर्त्यांचा हिशेब. प्रत्येक नागरिकाने 'प्रोझियम' नावाचे औषध ठरल्या वेळी टोचून घ्यायचे. मग राग नाही, दुःख नाही. अर्थात माया नाही आणि आनंदही नाही. पुस्तके, चित्रे, गाण्यांच्या तबकड्या सापडल्या की जाळून टाकायच्या. सुरुवातीलाच मोनालिसाचे चित्र जाळले जाते. ज्याला काही वाटते तो गुन्हेगार. जॉन प्रेस्टन हा अशा गुन्हेगारांना शोधून काढणारा अधिकारी. त्याच्या बायकोला याच गुन्ह्यासाठी जाळण्यात आले, तेव्हा त्याला काहीच वाटले नव्हते. त्याचा सहकारी कवितेचे पुस्तक वाचताना सापडतो, तेव्हा तो त्यालाही गोळी घालतो. मग एके दिवशी औषधाची कुपी हातातून पडून फुटते, एक मात्रा चुकते आणि आतला माणूस जागा होऊ लागतो.

कल्पना म्हणून मी हे विसरूनही गेलो असतो. पण पुढच्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात लोकमान्य टिळकांवरील खटल्याचा धडा होता. राजद्रोह म्हणजे काय हे मी माझ्या परीने उर्दूत समजावून सांगत होतो : सरकारबद्दल लोकांच्या मनात अप्रीती निर्माण करणे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, दिल में क्या है, ये जजसाहब को कैसे मालूम हुआ?" वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही. चोरी हाताने होते, मारहाण हाताने होते. मनाने होणारा गुन्हा कायद्यात कसा शिरला, हे मीही कधी नीट पाहिले नव्हते. ते पाहावे म्हणून कायद्याची आणि इतिहासाची पुस्तके काढून बसलो, आणि लिब्रिया फार दूर नाही हे लक्षात आले.

इंडियन पीनल कोड १८६० साली मंजूर झाला. मेकॉलेने १८३७ मध्ये तयार केलेल्या मसुद्यात राजद्रोहाचे कलम होते, पण मंजूर झालेल्या कायद्यात ते आले नाही. पुढे वहाबी चळवळीच्या धास्तीच्या दिवसांत, १८७० साली, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेपंडिताच्या पुढाकाराने ते १२४-अ म्हणून घालण्यात आले. या कलमाचा सारा भार एका इंग्रजी शब्दावर होता. मराठीत आपण त्याला 'अप्रीती' म्हणू. सरकारविषयी अप्रीतीची भावना चेतवणे हा गुन्हा, आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. अवघ्या सहा वर्षांनी, १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यातही हीच भावना आली. त्या कायद्याच्या आधारे १९१० साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर बंदी घातली गेली. कीचकात लोकांना कर्झन दिसत होता आणि द्रौपदीत देश. रंगमंचावर महाभारत चालले होते. सरकारला भीती होती ती प्रेक्षकांच्या मनात काय चालले आहे याची.

आता टिळकांकडे येऊ. त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक. १८९७ साली दुष्काळ आणि प्लेग यांनी मुंबई इलाखा गांजला होता. पुण्यात २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली होती. त्या मजकुरावरून टिळकांना अटक झाली. त्यांचा जामीन मंजूर केला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. काँग्रेसचे १८८७ चे अध्यक्ष तेच. आपल्या मुलांना हे नाव पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीपुरते भेटते, म्हणून येथे मुद्दाम लिहितो.

खटला चालला तो न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे. ज्यूरीला कायदा समजावून देताना त्यांनी सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सरकारविषयीचा कुठल्याही प्रकारचा वाईट भाव त्यात आला. तो तीव्र आहे की सौम्य, त्यातून दंगा झाला की नाही, याला महत्त्व नाही. असा भाव जागा करण्याचा प्रयत्न झाला एवढे पुरे. वाचकांनी हे वाक्य क्षणभर मनात घोळवून पाहावे. प्रीतीचा अभाव हाच गुन्ह्याचा पाया! नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन असाच लागला, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलनेही दाद दिली नाही. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलम दुरुस्त होऊन अधिक रुंद झाले. द्वेष आणि तुच्छता हे शब्द त्यात आले, आणि अप्रीतीत वैराच्या सर्व भावना मोडतात असे स्पष्टीकरण जोडले गेले.

दुसरा खटला १९०८ चा. मुजफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' असे लेख आले. २४ जूनला अटक झाली. या वेळी जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर मोहम्मद अली जिना. न्यायमूर्ती दावर यांनी जामीन नाकारला. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून झगडले होते! खटल्यात टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, एकवीस तासांहून अधिक वेळ. त्यात त्यांचा एक मुद्दा मला, भाषा शिकवणाऱ्याला, फार मोलाचा वाटतो. ते म्हणत होते की तुम्ही माझ्या मराठी शब्दांचा न्याय इंग्रजी भाषांतरावरून करता आहात, आणि ते भाषांतर बरोबर नाही. ज्यूरीत बहुमत होते ते मराठी न जाणणाऱ्या युरोपियनांचे. ज्या भाषेत भावना व्यक्त झाली ती भाषाच ज्याला येत नाही, तो भावनेचा न्याय करणार होता. सात विरुद्ध दोन असा निकाल, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि मंडालेचा तुरुंग. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांचे सहा दिवस संप केला.

त्याच जून महिन्यात तिकडे अलीगढमध्ये आणखी एका संपादकाला याच कलमाखाली पकडले होते. 'उर्दू-ए-मुअल्ला'चे संपादक मौलाना हसरत मोहानी. मिसरमधील इंग्रजांच्या धोरणावर एक निनावी लेख छापला, हा गुन्हा. लेखकाचे नाव त्यांनी सांगितले नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली. दोन वर्षांची सक्तमजुरी आणि दंड झाला, दंडाच्या वसुलीसाठी पुस्तके मातीमोल लिलावात गेली. तुरुंगात हा शायर जात्यावर दळण दळत असे. टिळकांना ते आपले राजकीय गुरू मानीत. आणि गंमत पाहा, गुलाम अलींच्या आवाजात 'निकाह' या १९८२ च्या चित्रपटातून घराघरात पोहोचलेली, गुपचूप ढाळलेल्या आसवांची ती गझल याच माणसाची. ज्याने उर्दूला प्रेमाची इतकी नाजूक ओळ दिली, त्याच्यावर आरोप होता अप्रीतीचा!

त्याच सुमारास नवाबराय या नावाने लिहिणारा एक तरुण शिक्षण खात्यात शाळांचा उपनिरीक्षक होता. 'सोज़े वतन' हा त्याचा उर्दू कथासंग्रह १९०८ चा. कलेक्टरने बोलावून झाडाझडती घेतली आणि शिल्लक प्रती जाळण्यासाठी ताब्यात घेतल्या. त्यानंतर त्याने नाव बदलले, आणि जगाला मुन्शी प्रेमचंद मिळाले. चित्रपटात पुस्तकांची होळी पाहताना मला हमीरपूरचा तो कलेक्टर आठवला. सरकारी नोकरीतला शिक्षण खात्याचा माणूस काय लिहितो, काय वाटून घेतो, याची चौकशी ही काही परदेशी गोष्ट नाही.

या सगळ्याला सर्वांत सरळ उत्तर दिले ते गांधीजींनी, १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या न्यायालयात. गुन्हा कबूल करून ते म्हणाले की प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही आणि कायद्याने आवरताही येत नाही. एखाद्या माणसावर वा व्यवस्थेवर प्रेम नसेल, तर हिंसेची चिथावणी दिल्याशिवाय ते बोलून दाखवण्याची मोकळीक हवी. त्यांनाही सहा वर्षांचीच शिक्षा झाली; न्यायाधीशांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला दिला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत कलकत्त्याला मौलाना आझादांना याच कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली होती. त्यांचे न्यायालयातील निवेदन 'कौले फैसल' या नावाने उर्दू गद्याचा ठेवा होऊन बसले आहे.

इंग्रज गेले, कलम राहिले. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण हिंसेची वा सार्वजनिक अव्यवस्थेची चिथावणी असेल तरच गुन्हा, अशी मर्यादा घातली. स्ट्रॅची यांचा अर्थ तेथे संपला. ११ मे २०२२ रोजी न्यायालयाने कलमाचा वापरच स्थगित ठेवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १५२ मध्ये 'अप्रीती' हा शब्द नाही. फुटीर कारवायांच्या 'भावनांना' उत्तेजन देणे मात्र आहे. म्हणजे शब्द गेला तरी भावना कायद्यात राहिलीच. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा मात्र २०१८ मध्ये रद्द झाला.

आमच्या जिल्ह्याने या साऱ्याची एक विचित्र अदलाबदल पाहिली आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला १८८५ मध्ये मंडालेहून उचलून पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. तो १९१६ मध्ये इथेच मरण पावला. आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ ते १९१४ पर्यंत मंडालेत ठेवले. मुलांना सहलीला थिबा पॅलेस दाखवायला नेतो तेव्हा मी त्यांना हे सांगतो. माणूस आपल्या मातीपासून दूर नेता येतो. तिच्याबद्दल त्याला जे वाटते, ते तसे नेता येत नाही.

आता थोडे आपले. सामन्याच्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी हसत विचारते, "काय सर, आज कोण जिंकावे?" प्रश्न साधा, पण विचारणाऱ्याची नजर माझ्या चेहऱ्यावर प्रीतीचा अभाव शोधत असते. स्ट्रॅची यांची ती व्याख्या कायद्यातून निघाली तरी टपरीवर शिल्लक आहे. मी उत्तर देतो आणि चहा पितो. प्रेम सिद्ध करायला सांगितले की ते प्रेम राहत नाही, हजेरी होते.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून थांबलो तर तो अप्रामाणिकपणा होईल. आपल्या घरांत, मोहल्ल्यांत, शाळांतही प्रोझियमच्या कुप्या आहेत. मुलगा रडला की 'मर्द हो' म्हणायचे, मुलगी गुणगुणली की 'आवाज बाहेर जातोय' म्हणायचे, चित्र काढणाऱ्याला 'वेळ वाया घालवू नको' म्हणायचे. हे सगळे आपण शिस्तीच्या नावाने करतो, आणि लिब्रियाचे राज्यकर्तेही शांततेच्या नावानेच करत होते.

मी स्वतः एकदा दहावीच्या वर्गात एका मुलाची वही जप्त केली होती. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर त्याने शेर उतरवले होते, काही स्वतःचेही. परीक्षा जवळ आली होती, मी रागावलो आणि वही कपाटात टाकली. निकालानंतर तो कामासाठी मुंबईला गेला. वही न्यायला आला नाही, मीही बोलावले नाही. हा लेख लिहिण्याआधी ती काढून वाचली. कच्चे शेर आहेत, वजन चुकले आहे. त्यातले दोन त्याच्या वडिलांवर आहेत; ते बोटीवर होते आणि वर्षाला एकदा येत. वर्गात तो गप्प का असे, हे मला आत्ता कळते आहे.

त्या चित्रपटात शेवटी एक गोष्ट उघड होते. कडक शिस्तीचा म्हणून दाखवलेला प्रेस्टनचा मुलगा आणि त्याची लहान बहीण या दोघांनी, आई गेल्यापासून, औषध घेणेच गुपचूप थांबवलेले असते. बापाला घरातच पत्ता नसतो. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न असाच आहे. दिलात काय आहे हे जजसाहेबाला कसे कळणार? कळत नाही. त्याच्यासाठी माणसाजवळ बसावे लागते, त्याची भाषा यावी लागते, आणि तो बोलेल एवढी निर्धास्ती त्याला द्यावी लागते. हे काम कायद्याचे नाही. निदान आमच्या शाळेत तरी ते माझे आहे.

येत्या ईदला तो मुलगा गावी येणार असल्याचे ऐकले आहे. वही त्याला परत द्यायची आहे.