जुनी पिकअप सरळ करताय? आधी पाटे, मग टायर

शेळगाव (ता. इंदापूर) परिसरात डाळिंब, कांदा, चारा वाहणाऱ्या पिकअपवर अनेक घरांची चूल पेटते. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने गाडीचे पाटे बसतात, मागची बाजू खाली जाते.

तपासणी : रिकामी गाडी सपाट जागेवर लावा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. डाव्या-उजव्या बाजूत फरक आला तर बसलेला किंवा तुटलेला पाटा शोधा. पाटे, बुश, शॅकल, यू-बोल्ट मूळ मापाचेच बसवा, नंतर अलाइनमेंट करून घ्या. जादा पाटा टाकला म्हणून आरसीवरची वजनमर्यादा वाढत नाही.

मोठे टायर : २१५/७५ आर१५ ऐवजी २३५/७५ आर१५ टाकल्यास टायरचा व्यास ३० मिमीने वाढतो, पण गाडी उचलते फक्त १५ मिमी. स्पीडोमीटरचा काटा ६० वर असताना खरा वेग साडेबासष्टच्या आसपास असतो. चढावर ओढ कमी पडते, ब्रेकवर ताण येतो आणि वळताना टायर घासू शकतो.

कायदा : मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ मापात परस्पर बदल चालत नाही. कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो.

म्हणून खर्च आधी पाट्यांवर करा. टायरचे माप बदलायचेच असेल, तर पैसे देण्यापूर्वी बारामतीच्या आरटीओ कार्यालयात (एमएच ४२) विचारून घ्या.