शरीफजी : एका नावाची कथा

विद्यार्थी मित्रहो, एखाद्याचे नाव वेगळे वाटले की वर्गात हशा पिकतो. हसण्याआधी अर्थ विचारा. शिवाजी महाराजांच्या चुलत्यांचे नाव शरीफजी होते. ‘शरीफ’ हा अरबी शब्द. अर्थ थोर, कुलीन. ‘जी’ मात्र आपल्या मातीतला.

वेरूळच्या मालोजी भोसल्यांनी त्या वेळच्या अहमदनगरातील पीर शाह शरीफ यांना नवस केला व पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. १६२४ साली भातवडीच्या लढाईत निजामशाहीसाठी लढताना शरीफजी धारातीर्थी पडले. शहाजीराजांनी पुढे १६३६ पर्यंत झुंज दिली. शेवटी मोगलांना द्याव्या लागलेल्या किल्ल्यांत आपल्या नाशिकजवळचा त्र्यंबकगडही होता.

पालकहो, मुलाला नाव देता तसा त्याचा अर्थही द्या. ज्याला तो ठाऊक आहे, तो हशाने खाली मान घालणार नाही.