सागराने दिलेले कवच

लहान वयात मधुमेह जडलेल्या मुलाला जन्मभर इन्शुलिनची इंजेक्शने घ्यावी लागतात. त्याऐवजी इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच त्याच्या शरीरात रुजविता आल्या तर? हा विचार इन्शुलिनच्या शोधाहूनही जुना आहे. १८९३ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली बसविण्यात आले. तीन दिवसांनी तो मुलगा दगावला.

परक्या पेशी शरीर सहसा टिकू देत नाही. रोगजंतूंपासून आपले रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर तुटून पडते. १९७२ साली अमेरिकेत बॅलिंजर व लेसी यांनी एकाच वाणाच्या उंदरांत अशा पेशींचे रोपण करून मधुमेह आटोक्यात आणला. वाण निराळा असला की पेशी नष्ट होत. १९७९ साली लेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी सात दिवस २४ अंश उष्णतेत ठेवल्या, पांढऱ्या पेशींना आवरणारे एकच इंजेक्शन दिले, आणि निराळ्या वाणाच्या उंदरांतही त्या शंभराहून अधिक दिवस टिकल्या.

१९८० साली लिम व सन यांनी दुसरी वाट काढली. समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या सूक्ष्म कुप्यांत त्यांनी पेशी बंद केल्या. साखर आत जाई, इन्शुलिन बाहेर येई. मात्र हल्लेखोर पेशींना आत शिरकाव नसे. मधुमेही उंदरांत या पेशी दोन-तीन आठवडे टिकल्या.

या कामात महाराष्ट्रही मागे राहिला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे व मकरंद रिसबूड यांनी अशा कवचासाठी कायटोसॅन हा पदार्थ तपासला. कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून तो बनतो. त्याची जेली शरीरातील भक्षक पेशींना चिथावत नाही, असे त्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले. आपल्या मिरकरवाडा बंदरावर कोळंबीची टरफले कोण मोलाची मानतो?

२००० साली कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्ण पेशीरोपणानंतर इन्शुलिनविना राहू शकले. पण त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागली. ती औषधे टाळणे हेच या संशोधनाचे ध्येय होय. तोवर अशी वार्ता ऐकून कोणाही पालकाने मुलाचे इन्शुलिन बंद करू नये.

विद्यार्थी मित्रहो, हे काम अद्याप अपुरे आहे. आपल्या किनाऱ्यावरील मुलामुलींनी विज्ञानशाखेकडे वळून ते पुढे न्यावे, आणि पालकांनी मुलींनाही त्यासाठी मनःपूर्वक साथ द्यावी.